शेऱ्याचा रकाना

सोलापूर,
२८ एप्रिल २०२५

डॉ. संस्कृती मॅडम यांना,

तुमच्या पुण्याच्या संस्थेत अकरा वेळा फोन केला. दर वेळी एक मुलगी गोड आवाजात सांगते, मॅडम मीटिंगमध्ये आहेत. म्हणून हे रजिस्टर पत्र. घेतल्याची तुमची सही तरी माझ्याकडे येईल.

ओळख पटावी म्हणून सांगते. मी जमीला, पत्रा वस्तीतली बिडीवाली. २०१९च्या सुरुवातीला तुम्ही डॉक्टरेटच्या कामासाठी आमच्या घरात अडीच महिने राहिलात. माझ्या हातची शेंगाचटणी आणि भाकरी खाल्लीत. तुमची सहायक म्हणून मी चाळीस घरांत तापमानाची ती पांढरी यंत्रं लावत फिरले. माझे मालक बडेसाब टेंभुर्णीहून टेम्पो घेऊन आले की आधी विचारायचे, संस्कृतीनं जेवण केलं का. एवढ्यावरून आठवत असेल तर पुढचं वाचा.

शिवबाई गेली. आमच्या शेजारची, अक्कलकोटकडची, शरणबसवची बायको. गेल्या बुधवारी दुपारी अडीच वाजता, मांडीवर सूप घेऊन, बसल्या जागी. बिडी वळताना पंखा लावता येत नाही, तंबाखू उडतो आणि पान वाळून फुटतं, हे तुम्हीच पहिल्या दिवशी वहीत लिहून घेतलं होतं. सकाळपासून ती "बिसलू, बिसलू" करत होती, तिच्या कानडीत ऊन, ऊन. शरणबसव पाणी आणायला उठला आणि परत येईपर्यंत तिची मान सुपात गेली होती. डॉक्टरांनी कागदावर हृदयविकार लिहिलं.

आता तुमचा संबंध सांगते. जानेवारीत आम्ही दोनशे बारा बायकांनी कचेरीत अर्ज दिला होता, की घरांच्या पत्र्यांवर ऊन परतवणारा पांढरा लेप सरकारी खर्चानं द्यावा. तो एप्रिलच्या सुरुवातीला नामंजूर होऊन आला. कारण असं: "उपलब्ध शास्त्रीय अभ्यासानुसार सदर वसाहतीतील घरांमधील तापमान बाहेरील तापमानापेक्षा सरासरी साडेचार अंशांनी कमी असून, रहिवाशांनी पारंपरिक पद्धतीने उष्णतेशी जुळवून घेतल्याचे दिसून येते. सबब मागणी मान्य करता येत नाही."

माझी इफ्रा आता कॉलेजात आहे. तिनं तो शास्त्रीय अभ्यास शोधून काढला आणि मला मराठीत करून सांगितला. वर तुमचं नाव होतं. आत शिवबाईचा फोटो होता, हसणारा, मांडीवर तेच सूप.

जुळवून घेतलं म्हणे! आमच्या अर्जावर १६ जूनला फेरसुनावणी आहे. त्याआधी मला सांगा, हा साडेचारचा आकडा तुम्ही कुठून आणलात?

जमीला


पुणे,
७ मे २०२५

जमीलाआपा,

सलाम. "मॅडम" आणि "तुम्ही" म्हणून पहिल्याच ओळीत तुम्ही माझ्या तोंडात मारलीत. शिवबाईंचं वाचलं. मला रोज सकाळी "कॉफी माडू का" विचारणारी ती एकटीच होती. फोनचं खरंच माहीत नव्हतं, त्याबद्दल माफ करा.

पण आकड्याबद्दल मी माफी मागणार नाही. तो मी कुठून आणलेला नाही. चाळीस घरं, एकसष्ट दिवस, दर दहा मिनिटाला एक नोंद. यंत्र कुणाच्या बाजूचं नसतं, आपा. आणि ती यंत्रं भिंतीवर लावलीत तुम्ही, माझ्यादेखत, माणूस बसल्यावर डोकं जिथं येतं तेवढ्या उंचीवर. कचेरीनं माझ्या अभ्यासाचा गैरवापर केला असेल तर त्यांना जाब विचारा. मी कुठंही लिहिलेलं नाही की लेप देऊ नका.

आणखी एक. मी सांगोल्याची आहे. टँकर आला की घागर घेऊन पळणारी मुलगी होते मी. शहरातून पाहुणे यायचे, आमचे फोटो काढायचे आणि त्या फोटोंत आम्ही कायम बिचारे असायचो. दुष्काळ, उष्णता आणि बायकांचं आरोग्य हाच विषय मी घेतला तो त्या रागातून. तुम्ही बायका शहाण्या आहात, हातात आहे त्यात घर थंड ठेवता, हे मला जगाला दाखवायचं होतं. त्या लेखामुळं पहिल्यांदा कुणीतरी तुमच्याकडं मानानं पाहिलं. त्याची ही परतफेड?

रागावू नका, पण हे पत्र तुम्हाला कुणा पुढाऱ्यानं लिहायला लावलेलं नाही ना? सुनावणी, निवडणुका, सगळं एकत्र आलंय म्हणून विचारते.

तुमची,
संस्कृती


सोलापूर,
१४ मे २०२५

मॅडम,

पुढारी! नववी शिकलेल्या बाईला स्वतःचा रागसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागतो असं वाटतं का तुम्हाला? एवढी वर्षं आमच्यावर अभ्यास केलात आणि हे शिकलात?

यंत्र कुणाच्या बाजूचं नसतं, बरोबर आहे. पण ते कुठं ठेवलेलं असतं हे बघाल की नाही?

भिंतीवर तुमच्यादेखत लावली, खरं आहे. दुसऱ्या दिवशी तुम्ही सांगोल्याला वडिलांकडं गेलात आणि तिथूनच पुण्याला परतलात. जाताना प्रत्येक घरात बजावून गेलात, "जपा बरं का, महागाचं आहे, ऊन लागू देऊ नका." आता बिडीवालीच्या घरात नाजूक वस्तू जपायची जागा कोणती? पानं भिजवून, ओल्या पोत्यात गुंडाळून जिथं ठेवतो तो कोपरा. घरातली सगळ्यात गार जागा ती. तिथं आम्ही बसत नाही, कारण तिथं उजेड नसतो आणि आमच्या बसण्यानं पानाला ऊब लागते. लेकराला झोपवत नाही तिथं. पण तुमचं यंत्र ठेवलं.

आठ दिवसांनी मी पहिल्या फेरीला गेले तर शिवबाई मोठ्या कौतुकानं मला म्हणाली, "जमीला, तुज्या मॅडमचं यंत्र लई नाजूक हाय की. भितीवर तापायलं हुतं. पानासंगं ठिवलंय बग, काय हुत न्हाय त्येला." चाळीसांतल्या एकतीस घरांत हेच. मी परत भिंतीवर लावायची आणि माझी पाठ वळली की बायका काढून पोत्यात घालायच्या. बिघडलं तर आपल्या अंगावर येईल ही भीती, आणि पाहुण्याची वस्तू जपायची हा मान. तुम्ही जे एकसष्ट दिवस मोजलंत ते ओल्या पानांचं तापमान आहे.

हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं असं म्हणू नका. फोनवर सांगायला लागले तर तुम्ही घाईत होतात, म्हणालात, "आपा, सगळं वहीत लिहा." लिहिलं. ९ एप्रिल २०१९पासून दर फेरीला. वहीत शेवटचा रकाना तुम्हीच आखून दिला होता. वर तुमच्या अक्षरात लिहिलंय, शेरा. तीन वह्या भरून पुण्याला पाठवल्या. उघडा आणि वाचा.

जमीला


पुणे,
३० मे २०२५

जमीलाआपा,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मला वाटलं तुम्ही आता हे रचताय. मला तसं वाटलं, हे लपवत नाही.

वह्या संस्थेच्या अडगळीच्या खोलीत सापडल्या, दोरीनं बांधलेल्या, तुम्ही बांधल्या होत्या तशाच. आकडे संगणकात चढवायला मी एक मुलगा ठेवला होता. त्याला जो तक्ता दिला त्यात शेऱ्याचा रकाना नव्हता. तो तक्ता मीच बनवला होता. आकडे मोजता येतात, शेरे मोजता येत नाहीत, म्हणून गाळला. सहा वर्षं एकदाही वही उघडावी असं मला वाटलं नाही.

एकतीस घरं. मी तीनदा मोजली. मग उरलेल्या नऊ घरांचे आकडे वेगळे काढले, जिथं यंत्र भिंतीवरच राहिलं. दुपारी घरातलं तापमान बाहेरच्यापेक्षा तीन अंशांनी जास्त आहे, आपा. कमी नाही, जास्त. शिवबाईंच्या घरातही तेवढंच असणार.

आता नीट ऐका. या विषयाचं एक मोठं केंद्र उघडतंय. हवामान, आरोग्य आणि विकास, तिन्ही एका छताखाली. त्याच्या संचालकपदाची माझी मुलाखत २५ जुलैला आहे. माझी निवड बहुतेक नक्की आहे आणि ती त्या लेखावरच आहे. लेख आत्ता मागे घेतला तर ते पद जाईलच, पुढं माझ्या कुठल्याही कामावर कुणी विश्वास ठेवणार नाही. पद मिळालं तर दोन वर्षांत मी सोलापुरात दोनशे यंत्रं लावून नवा अभ्यास करीन. तुमचं नाव लेखात घालीन. खरं काय ते त्यात येईलच. तोवर हे आपल्या दोघींत राहू द्या. सुनावणीसाठी मी पत्र देते, "या विषयावर अधिक अभ्यासाची गरज आहे" असं. तेवढ्यानं तुमचा अर्ज जिवंत राहील.

माझ्या आईला सांगितलं असतं तसं तुम्हाला सगळं सांगितलंय.

संस्कृती


सोलापूर,
४ जून २०२५

संस्कृती,

आता तुला तू म्हणते. लाडानं नाही. चूक लपवणाऱ्या पोरीला मी तुम्ही म्हणत नाही.

दोन वर्षं म्हणजे दोन उन्हाळे. त्या दोन उन्हाळ्यांत पत्र्याखाली कोणी कोणी बसायचं त्यांची नावं तूच लिहून पाठव. चाळीस घरांची यादी आहे तुझ्याकडं. शिवबाईच्या नावावर रेघ मी मारलीय, पुढच्या रेघा कुठं मारायच्या ते सांग. माझं नाव वीस नंबरला आहे.

अधिक अभ्यासाची गरज! कुणाला गरज? आम्हाला घर तापतं हे कळायला यंत्र लागत नाही. कचेरीला लागतं, आणि कचेरीच्या हातात तुझा कागद आहे. तू खोटं लिहिलंस असं मी म्हटलं नव्हतं. चूक झाली, ती आमच्या बायकांच्या भाबडेपणानं झाली, तुझ्या घाईनं झाली, मी समजून घेतलं असतं. पण ३० मेपासून तुला खरं माहीत आहे. त्या दिवसापासून ती चूक राहिलेली नाही.

आईला सांगितल्यासारखं सांगितलंस ना, मग आईसारखंच ऐक. १६ जूनच्या आत लेख मागे घेतल्याचं पत्र कचेरीत पोचलं पाहिजे. नाहीतर मी स्वतः उभी राहून तुझं पत्र वाचून दाखवीन, संचालकपदासकट.

"उत्कृष्ट क्षेत्र सहायक" म्हणून तू मला दिलेलं प्रशस्तिपत्र सोबत परत पाठवते आहे. चौकटीची काच काढून घेतली, तेवढी कामाला येईल.

जमीला


पुणे,
११ जून २०२५

जमीलाआपा,

नियतकालिकाला आणि तुमच्या कचेरीला, दोन्हीकडे पत्रं गेली. लेख मागे घेतला आहे. नऊ घरांचे आकडे सोबत जोडले आहेत.

तुम्हाला हवं होतं ते झालं. मला यापुढं काही लिहू नका.

संस्कृती


सोलापूर,
१८ जून २०२५

संस्कृती,

लिहू नका म्हणालीस तरी लिहिणार. सुनावणीत काय झालं ते तुला कळलंच पाहिजे.

साठएक बायका गेलो होतो. इफ्रा होती, शरणबसव होता. मी पहिल्या रांगेत ताठ बसले होते. आदल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं, संस्कृतीचं पत्र आलंय, पोरीनं शेवटी खरं केलं. माझ्या तोंडानं तुझं कौतुक केलं मी!

साहेबांनी तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. "स्थानिक सहायकाने दिलेल्या सूचनांचे पालन न केल्यामुळे उपकरणे अयोग्य जागी राहिली व त्याची कल्पना संशोधकास देण्यात आली नाही. सबब निष्कर्ष मागे घेण्यात येत आहेत."

कल्पना देण्यात आली नाही. हे तू लिहिलंस, तीन वह्या समोर ठेवून.

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. सहायक कोण हे सगळ्या वस्तीला माहीत आहे. मागून एकजण म्हणाली, "मंजे आपला अर्ज हिच्यापायी गेला व्हय?" ते मी सोसलं असतं. पण शरणबसव उठला, माझ्यासमोर आला आणि हळू आवाजात विचारलं, "जमीला, तुज्यामुळं?" बस, एवढंच. तेवीस वर्षांचा शेजार आहे आमचा.

तुला एक गोष्ट माहीत नव्हती. कारखान्यात माल देताना आम्ही नक्कल ठेवल्याशिवाय कधी कागद देत नाही. नंतर वाद झाला की बिडीवालीचं कोण ऐकतंय? म्हणून आम्ही सगळं कार्बन घालून लिहितो. तुझ्या वह्याही मी तशाच लिहिल्या होत्या. सवयीनं. वरची पानं तुला, खालची निळी पानं माझ्या ट्रंकेत. ती मी पिशवीत घेऊन गेले होते, तुझ्या बाजूनं दाखवायला म्हणून.

मी उभी राहिले. साहेब म्हणाले, "बाई, लेखी द्या." मी म्हटलं, "साहेब, हे लेखीच हाय, सहा वर्षं झाली देऊन." आणि वाचलं. नऊ एप्रिलचं वाचलं. पुढचं वाचलं. मग हे वाचलं:

"१७ एप्रिल. घर नंबर २२, शिवबाई. यंत्र पानाच्या पोत्याखाली. परत भिंतीवर लावले. बाई म्हणते, मला ऊन लागलं तर चालतंय, त्याला लागू नये."

शरणबसव खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. साहेबांनी पंखा वाढवायला सांगितला. त्यांच्या कचेरीत पंखा चालतो.

निकाल असा, की नामंजुरी रद्द झाली. ऑक्टोबरच्या उन्हात चाळीस घरांत पुन्हा मोजणी, आणि त्यावर लेपाचा निर्णय. मोजणी कोण करणार ते ठरलेलं नाही.

तुझं पद जाईल म्हणून तू घाबरलीस, ते मला कळतं. घाबरून माझं नाव पुढं केलंस, ते मी विसरणार नाही. मला तुझ्याकडून दुसरं पत्र पाहिजे. खरं. सही करून, तारीख घालून.

जमीला


पुणे,
५ जुलै २०२५

जमीलाआपा,

हे पत्र तीन ठिकाणी पाठवलं आहे. नियतकालिकाला, तुमच्या कचेरीला आणि माझी मुलाखत घेणार होते त्यांना. नक्कल अशी:

"११ जून २०२५च्या माझ्या पत्रातील कारण खोटे आहे. उपकरणे कुठे ठेवली जात होती हे सहायक जमीला यांनी ९ एप्रिल २०१९पासून दर फेरीला वहीतील शेरा या रकान्यात लिहून कळवले होते. त्या वह्या मी वाचल्या नाहीत. 'ऊन लागू देऊ नका' ही सूचना मीच चाळीस घरांत दिली होती आणि घरातल्यांनी तिचे पालन केले. ३० मे २०२५पूर्वी मला हे सगळे समजले होते, तरीही मी ते लपवले. चूक सर्वस्वी माझी आहे."

पहिलं पत्र लिहिताना "स्थानिक सहायक" हे शब्द फार सहज आले, आपा. आमच्या लेखांत शेवटी एक ओळ असते, स्थानिक सहायकांचे आभार. तिथंही नाव नसतं. बिननावाच्या माणसावर ढकलणं सोपं होतं. ज्यांनी आमचे बिचारे म्हणून फोटो काढले त्यांचा मला राग होता, आणि मी त्यांच्याही पुढं गेले. शिवबाईंचा फोटो मी अकरा देशांत दाखवला. तिचं नाव एकदाही सांगितलं नाही.

मुलाखत रद्द झाली. संस्थेनं चौकशी लावली आहे. हे तुम्हाला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही.

ऑक्टोबरमध्ये मोजणीला माणूस लागला तर मी येईन. संस्थेकडून नाही, माझी मी.

संस्कृती


सोलापूर,
१४ जुलै २०२५

संस्कृती,

पत्र पोचलं. वस्तीत मोठ्यानं वाचलं. शरणबसवला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तो चहाला आला.

माझा राग गेलेला नाही. जाईल तेव्हा कळवीन, त्याची वाट बघू नकोस.

मोजणीला ये. कचेरीत मी तुझं नाव दिलंय. साहेब म्हणाले, यांच्यावर आता कोण विश्वास ठेवणार. मी म्हटलं, लिहिणारी मी असेन, ती फक्त वाचणार. तक्ता या वेळी मी आखलाय. शेऱ्याचा रकाना पहिला आहे आणि सगळ्यांत रुंद आहे.

यंत्रं भिंतीवरच राहतील, बायकांना मी समजावून सांगितलंय. बावीस नंबरच्या घरात शिवबाई जिथं बसायची तिथंच, तिच्या डोक्याच्या उंचीवर एक यंत्र टांगणार आहे. त्याच्याखाली कुणीतरी बसलं पाहिजे, मांडीवर सूप घेऊन, पंखा बंद करून, रोज एक ते चार.

ती जागा तुझी. घरून सुती कपडे घेऊन ये.

जमीला